लोण्यामागची पाच इंजेक्शनं

९ जानेवारी

खडूबाई,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे रागवायला मी मोकळी.

काल फोनवर तू अकरा वेळा "हं" म्हणालीस. मोजलं मी. पस्तीस वर्षं हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी मोजल्या, ती सवय जात नाही. लहानपणी खडू खायचीस तेव्हा तोंड मिटून बसायचीस, ते समजू शकते. आता काय झालं? आपल्या आत्याला केमो चालू आहे आणि भाचीला शब्द सापडत नाहीत! तेव्हा यापुढे फोन बंद, पत्रं चालू. आजारी माणसाचा हट्ट आहे, मोडायचा नाही.

तर खबरबात. पहिला डोस होऊन आठवडा झाला. छातीतली गाठ लिंबाएवढी आहे. आधी औषधाने लहान करायची आणि मग कापायची, असा डॉक्टरांचा बेत. एकूण सहा डोस, तीन-तीन आठवड्यांनी. केस गळायची वाट न बघता मीच कापून टाकले. तुझे आतोबा म्हणाले, "छान दिसतेस." तीस वर्षं बस चालवलेला माणूस, मागचं आरशात बघायची सवय, समोरचं कधी नीट बघतो!

डोस झाला की पुढचे पाच दिवस रोज एक इंजेक्शन, पोटात, आपलं आपणच टोचून घ्यायचं. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या वाढवायला. आतोबांना सुई बघूनच घेरी येते. ते जिन्यात जाऊन उभे राहतात आणि तिथून ओरडतात, "झालं का?" शेजारच्यांना वाटत असेल, मी आत बाळंत होतेय.

बाकी सगळं उत्तम.

आता मुद्दा. तू गेली सहा वर्षं प्रयोगशाळेत याच गाठींवर काम करतेस. तुझ्या त्या काचेच्या वाटीत औषध घातलं की गाठ मरते ना? मग माझ्या अंगात ती काय नखरे करणार आहे ते आधीच सांगून ठेव. डॉक्टर म्हणाले, काहींची गाठ औषधाला दाद देत नाही. का देत नाही, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. तुला आहे.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

आत्या,

वाटी काचेची नसते, प्लॅस्टिकची असते, आणि आम्ही तिला डिश म्हणतो. चुकलं की दुरुस्त करायचं, हे तूच शिकवलंस.

तुझा प्रश्न वाचून मी जरा खजील झाले. कारण नेमकी तीच चूक मी चार वर्षं करत होते. ऐक.

आमच्याकडे ऑपरेशनमधून गाठीचे बारीक तुकडे येतात. मी ते धुवायची, गाळायची आणि त्यातल्या फक्त कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढून वाढवायची. बाकीच्या टाकून द्यायची. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. लोक मला बघायला यायचे, इतकं स्वच्छ! मग डिशमध्ये औषध घातलं की दहातल्या नऊ पेशी मरायच्या. टाळ्या. आणि तेच औषध माणसाला दिलं की गाठ कधी हलायची, कधी ढिम्म.

मागच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून नव्या बाई आल्या. त्यांनी माझं काम तासभर उभं राहून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तू टाकतेस ते काय असतं?" मी म्हटलं, "कचरा." त्या म्हणाल्या, "एकदा कचऱ्यासकट कर."

त्या कचऱ्यात शरीराच्या संरक्षक पेशी असतात, आत्या. त्यातल्या एका जातीला भक्षक पेशी म्हणतात. अंगात शिरलेले जंतू खाणं, मेलेल्या पेशी उचलणं, जखम भरून आणणं ही त्यांची कामं. गाठीत त्या गर्दी करून बसलेल्या असतात. त्या डिशमध्ये राहू दिल्या आणि औषध घातलं, तर दहातल्या नऊ मरण्याऐवजी पाचच मेल्या. तीनदा केलं, तीनदा तेच.

बाईंना वाटतं, या पेशी गाठीला जखम समजतात. औषधाने गाठीच्या पेशी मरायला लागल्या की यांना वाटतं, अरे, इथे काहीतरी दुखावलंय. मग त्या धावत येतात आणि उरलेल्यांना जगवणारी द्रव्यं सोडतात. म्हणजे ज्यांनी राखण करायची, त्यांनीच शत्रूची शुश्रूषा चालवली आहे.

मी चार वर्षं उत्तर धुऊन टाकत होते. हसू नकोस.

खडू


२ फेब्रुवारी

खडूबाई,

हसले. खूप हसले. दुसरा डोस नुकताच झालाय, हसल्यावर तोंडातले फोड दुखतात, तरी हसले. आतोबांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे पोरगी अति स्वच्छतेपायी नापास होत होती." तुझ्या आईला कळवू नकोस, ती लगेच म्हणेल आत्यावर गेली.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. पण तुझं ते "जखम समजतात" वाचलं आणि मला आमच्या हॉटेलचा मागच्या दारावरचा पहारेकरी आठवला. आमचे टॉवेल नाहीसे व्हायला लागले. महिन्याला चाळीस, पन्नास. मी लिनन रूमची मुख्य, बोल माझ्यावर. शेवटी स्वतः मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. बघते तर काय, एक माणूस पाठीवर गाठोडं घेऊन निघालाय आणि आमचा पहारेकरी त्याच्यासाठी दार उघडून धरतोय! वर म्हणतोय, "जपून हं, पायरी आहे." गाठोडं दिसलं की तो धोबीच, असा त्याचा समज. बेइमान नव्हता गं, भोळा होता. त्याला मी त्याच दिवशी दारावरून हलवला आणि टॉवेल जायचे थांबले.

तुझ्या पेशी त्याच्या जातीच्या दिसतात. पण मग त्यांना आवरायचं कसं? ते लिहिलंच नाहीस. अर्धी गोष्ट सांगून थांबायची तुझी खोड जुनीच आहे.

गाठ म्हणे थोडी मऊ झाली आहे. थोडीच.

आत्या


८ फेब्रुवारी

आत्या,

अर्धी सांगितली कारण उरलेली अर्धी घडायची होती. आता घडली!

आम्ही त्या भक्षक पेशींना लुळं करणारं एक द्रव्य डिशमध्ये घातलं, आणि मग तेच नेहमीचं औषध. दहातल्या पुन्हा नऊ मेल्या. पहारेकरी हटवला आणि टॉवेल जायचे थांबले, अगदी तुझ्या हॉटेलसारखं. बाईंना तुझी गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या तुला भेटायला यायचं म्हणताहेत.

मला कळत नाही कोणाला सांगू. सहकाऱ्यांना सांगितलं तर ते आकडे विचारतात. आईला सांगितलं तर ती जेवलीस का विचारते. तुलाच सांगावंसं वाटतं. खरंच, आत्या, या पत्रांमुळे मला माझं काम पहिल्यांदा नीट दिसायला लागलंय.

तुझा तिसरा डोस शुक्रवारी ना? आतोबांना म्हणावं, जिन्यात नीट धरून उभे राहा.

खडू


२७ फेब्रुवारी

चि. खडू,

मी आतोबा. मला पत्र लिहायची सवय नाही. तिने मला बजावलंय की तुझ्याशी याबद्दल बोलायचं नाही. म्हणून बोलत नाही, लिहितो.

तिसऱ्या डोसानंतर नवव्या दिवशी ताप आला. १०२ होता. ती म्हणाली, उतरेल. मी ऐकलं नाही, गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत म्हणाले. लगेच दाखल करून घेतलं. चार दिवस सलाइनमधून औषधं चालली. पहिले दोन दिवस फार वाईट गेले. मी खिडकीशी बसून होतो. आता ताप नाही, परवा घरी आणली. घाबरू नकोस.

डॉक्टर मला विचारत होते, इंजेक्शनं घेतली होती ना? मी म्हटलं, घेतली, मी जिन्यात होतो. घरी आल्यावर चहाला दूध काढताना फ्रिजमध्ये लोण्याचा डबा हलवला. मागे पाचही इंजेक्शनं जशीच्या तशी. तिला विचारलं. म्हणाली, खडूच्या प्रयोगात त्या पेशी लुळ्या केल्यावर औषध चाललं. मग मी त्या कशाला वाढवू?

तुझ्यावर राग नाही. पण तू तिला समजाव. माझं ती ऐकत नाही, तुझं पत्र उशाखाली ठेवते. चौथा डोस लांबलाय. तो आता इंजेक्शनांशिवाय द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तुझे,
आतोबा


२ मार्च

आत्या,

फोन केला तर तू विषय बदलशील आणि मी रडेन, म्हणून लिहिते. हे पत्र दोनदा वाच आणि आतोबांनाही वाचायला दे.

पांढऱ्या पेशी ही एक जात नाही. अनेक जाती आहेत. माझ्या डिशमध्ये होत्या त्या भक्षक पेशी, गाठीच्या आत घर करून बसलेल्या. तुझं इंजेक्शन वाढवतं त्या दुसऱ्या, रक्तात फिरणाऱ्या. अंगात जंतू शिरला की पहिल्यांदा त्याच धावतात. केमोनंतर त्या कमी पडल्या तर साधा जंतूही माणसाला घेऊन जातो. तुला जवळजवळ घेऊन गेला. लुळं करणारं ते द्रव्य एका प्लॅस्टिकच्या डिशमध्ये चाललंय. ते माणसाला दिलेलं नाही. ते औषध नाही, सल्ला तर नाहीच नाही. तुझे डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं आणि ते सगळं करायचं.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तू आजारी आहेस हे मला माहीत होतं, तू हुशार आहेस हेही माहीत होतं, आणि हुशार माणूस वाचलेलं करून बघतो हे मला सुचलं नाही. मी माझ्या आनंदात होते. चूक माझी आहे.

आता यापुढे कामाबद्दल तुला एक अक्षर लिहिणार नाही. कान पकडले.

खडू


१६ मार्च

खडूबाई,

कान सोड, लांब होतील.

चौथा डोस झाला. पाचही इंजेक्शनं घेतली. आतोबा आता जिन्यात जात नाहीत, डोळे मिटून समोर खुर्चीत बसतात, सुई टोचल्यावर रिकामी सिरिंज हातात घेऊन तपासतात आणि मग पांढरेफटक पडून पाणी मागतात. एकदा मीच त्यांना वारा घातला.

आता खरं सांगते, मधे बोलू नकोस. त्या इंजेक्शनांनी हाडं दुखतात. पहिल्या दोन वेळा अशी दुखली की मांडीपासून पाठीपर्यंत कोणी आतून पिळतंय. "बाकी सगळं उत्तम" असं मी तुला लिहिलं ते साफ खोटं होतं. डॉक्टरांनाही सांगितलं नाही, वाटलं म्हातारी कुरकुरते म्हणतील. मग तुझं पत्र आलं. मला निमित्तच हवं होतं, ते तू घरपोच पाठवलंस. प्रयोगाचं नाव आणि आत्याची सोय! म्हणजे चूक तुझी चार आणे, माझी बारा आणे. आता डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी दुखण्यावर गोळी दिली. एवढी साधी गोळी. मी कपाळावर हात मारला.

आणि हॉटेलची गोष्टही मी तुला सोयीपुरतीच सांगितली. पहारेकऱ्याला हलवला हे खरं. पण दुसरा मिळेपर्यंत चार दिवस दारावर कोणीच नव्हतं. टॉवेल गेले नाहीत, मात्र कोणीतरी परका माणूस येऊन बारा नंबरच्या खोलीत दोन दिवस झोपून गेला. त्याने आमचाच साबण वापरला. हे मला पक्कं आठवत होतं, तरी लिहिलं नाही. आपल्याला हवं तेवढंच आठवायचं, ही माझी खोड तुझ्या खोडीहून वाईट.

तेव्हा हिशेब चुकता. आता मुकाट्याने लिहायला लाग.

आत्या


२५ मार्च

आत्या,

तुझं पत्र पोचलं. गोळी मिळाली हे बरं झालं. इथे हवा चांगली आहे. खोलीच्या खिडकीची कडी बदलून घेतली. आई मजेत आहे. पाणी भरपूर पी.

खडू


६ जून

खडूबाई,

मार्चपासून तुझी पाच पत्रं आली. पाचांत हवा चांगली आहे. इतकी चांगली हवा जगात कुठेच नसते.

ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. तू येऊन दोन दिवस उशाशी बसलीस, पाय चेपलेस, फळं कापलीस, आणि मी कामाचं विचारलं की नर्सला बोलावत होतीस. बरी आहे मी. टाके निघाले. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण चादरीची घडी घालते, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

परवा कापलेल्या गाठीचा रिपोर्ट पाकिटातून आला. डॉक्टर सुटीवर, त्यांची भेट अठरा तारखेला. आतोबा म्हणाले, तोवर उघडू नको. मी उघडला. तीनदा वाचला, एक ओळ कळली तर शपथ. त्यातल्या दोन जागा जशा समजल्या तशा उतरवून देते. एक, गाठीच्या जागी व्रण आहे आणि तिथे फेसाळ भक्षक पेशींची मोठी गर्दी आहे. उरलेली गाठ सहा मिलिमीटर. दोन, कडा मोकळ्या.

भक्षक पेशींचं नाव वाचलं आणि तुझी जुनी पत्रं काढून बसले. या त्याच ना? गर्दी आहे म्हणजे त्यांनी पुन्हा दार उघडून धरलं का? आणि कडा मोकळ्या म्हणजे तिथून काही सुटून गेलंय का? दोन दिवस मी आतोबांशी हवापाण्याच्या गप्पा मारतेय. ते बिचारे खूश आहेत, त्यांना वाटतंय पाकीट अजून बंदच आहे.

मला भीती वाटते, खडू. ताप आला तेव्हा इतकी वाटली नव्हती.

फोन करू नकोस. फोनवर तू "हं" म्हणशील आणि मी त्यातून भलतंच काढीन. कागदावर लिही. तू कागदावर खोटं लिहीत नाहीस, म्हणून तर हवेबद्दल लिहितेस. रिपोर्टाची प्रतही सोबत घातली आहे, माझ्या अकलेवर विसंबू नकोस. जे असेल ते सगळं लिही. मी काही करणार नाही. फक्त वाचीन.

आत्या


९ जून

आत्या,

पत्र सकाळी मिळालं. रिपोर्ट घेऊन खाली गेले. आमच्या खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीच्या मोठ्या डॉक्टर बसतात, गेली सत्तावीस वर्षं गाठींचे असेच काप मायक्रोस्कोपखाली बघताहेत. त्यांना सगळा रिपोर्ट वाचायला लावला. पुढे लिहिलंय ते त्यांनी सांगितलेलं आहे. पुढचे उपचार तुझे डॉक्टर अठरा तारखेला ठरवतील, ते मी ठरवत नाही.

आधी भक्षक पेशी. हो, त्याच जातीच्या. पण या वेळी त्या तिथे आहेत कारण औषधाने तुझी गाठ मारली. लिंबाएवढी होती, सहा मिलिमीटर उरली. बाकीची सगळी मेली, आणि ते मेलेलं उचलायला या आल्या. इतकं खाल्लं की पोटं फुगली, म्हणून मायक्रोस्कोपखाली फेसाळ दिसतात. डॉक्टर म्हणाल्या, औषध लागू पडलेल्या गाठीच्या जागी असंच दिसतं. त्यांना ही गर्दी बघायला आवडते.

मी तिथेच स्टुलावर बसले. आत्या, या प्रयोगांवरच्या आमच्या लेखात मी लिहिलं होतं, "या पेशी गाठीच्या बाजूने काम करतात." तो लेख आजच छापायला जायचा होता. वर आले आणि बाईंना म्हटलं, हे वाक्य असंच्या असं जाऊ शकत नाही. कधी राखतात, कधी साफ करतात, आणि कधी काय करतात ते अजून आपल्याला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "मग तसंच लिही." लिहिलं. लेखाला त्याने अर्धा दिवस उशीर झाला आणि मला फार बरं वाटलं. मार्चनंतर पहिल्यांदा कामावरून चालत घरी आले, बस सोडून.

तू माझ्याकडून ऐकायला मागत होतीस आणि मी तुला हवा पाठवत होते. मला वाटत होतं, मी काही सांगितलं की तुला इजा होते. पण न सांगितल्यावर तू दोन दिवस पाकीट घेऊन एकटी बसलीस. ते मला सहन होत नाही. यापुढे सगळं लिहीन, आणि जे डिशमधलं असेल तिथे डिशमधलं असं लिहीन.

आता कडा. हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, शेवटी त्या वैतागल्या. सर्जनने गाठीभोवतीचा भाग थोडा जास्तच कापून काढला. त्या कापलेल्या तुकड्याच्या काठाकाठाने सगळीकडे शाई लावून मायक्रोस्कोपखाली बघतात, की गाठीची एखादी पेशी काठापर्यंत पोचली आहे का. तुझ्या तुकड्यात एकाही बाजूला पोचलेली नाही. सहा मिलिमीटर उरली होती तीही त्या तुकड्यात आहे, म्हणजे बाहेर आली आहे. काठाशी काही सापडलं नाही, याला कडा मोकळ्या म्हणतात.

चांगलं आहे, आत्या. आतोबांना सांग. आत्ता, हे पत्र हातात असतानाच सांग.

खडू